फराळाची आवड आहे, त्याचा धंदा होईल का? आधी काय तपासायचं – चकलीच्या हिशेबासकट

अंगतपंगत

दिवाळीच्या दोन महिने आधी इथे हटकून एक प्रश्न येतो. "माझ्या हातचा फराळ सगळ्यांना आवडतो, विकायला सुरुवात करू का?" खाली शुभेच्छांचे पंचवीस प्रतिसाद पडतात, आणि भाजणीला पाणी किती, पाकिटावर काय छापायचं, किलोला भाव किती, हे कोणीच सांगत नाही. म्हणून हा धागा. पदार्थ एकच धरू: भाजणीची चकली. ती जमली की बाकीच्या पदार्थांचा हिशेब त्याच वाटेने मांडता येतो.

माझ्याकडून पहिला मुद्दा आवड ओळखण्याचा. "स्वयंपाकाची आवड" या दोन शब्दांत तीन वेगळ्या आवडी दडलेल्या असतात. एक, माणसांना खाऊ घालण्याची. दोन, नवनवीन पदार्थ करून बघण्याची. तीन, तोच पदार्थ पुन्हा पुन्हा, तसाच्या तसा, बारीकसारीक सुधारत करण्याची. धंद्याला तिसरी लागते. पहिल्या दोन असल्या तर उत्तमच, पण त्यांच्या भरवशावर चाळीसावा घाणा निघत नाही.

हे घरच्या घरी तपासता येतं. लागोपाठ चार आठवडे, दर आठवड्याला २ किलो भाजणीच्या चकल्या करायच्या. प्रमाणात बदल करायचा नाही. दर वेळी वहीत लिहायचं: भाजणी कधी दळली, पाणी किती ग्रॅम, मोहन किती, घाणा टाकताना तेल किती तापलं होतं, घाणा किती मिनिटांनी निघाला, एकूण चकल्या किती, वजन किती, मोड (तुटलेले तुकडे) किती. चौथ्या आठवड्यालाही "मागच्या वेळी मोड जास्त झाली ती पाण्यामुळे की मळण्यामुळे?" असा प्रश्न आपोआप पडत असेल, तर पुढे जायला हरकत नाही. तिसऱ्या आठवड्यातच वही कोरी राहिली असेल तर सणाला घरापुरता फराळ करावा, त्यात काहीच वावगं नाही.

जाणकारांनी भर घालावी.

पाटपाणी

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). एक जोड. ओळखीच्यांचं "छान झाल्यात" जमेस धरू नका. शंभर-शंभर ग्रॅमची चाळीस पाकिटं करा, पूर्ण भावाने अनोळखी लोकांना विका आणि पंधरा दिवसांत त्यांतल्या कितीजणांनी आपण होऊन पुन्हा मागितली एवढंच मोजा. फुकट वाटलेल्या नमुन्यावर मिळालेलं कौतुक आणि पैसे मोजून दुसऱ्यांदा घेतलेलं पाकीट यांत फार अंतर असतं.

सोऱ्या

चांगला विषय. मूळ कृतीपासून सुरू करतो, कारण प्रमाण वाट्यांत असेल तर धंदा होत नाही. दाबून भरलेली वाटी आणि सैल भरलेली वाटी यांत भाजणीचं वजन बरंच बदलतं, आणि चकली तर पाण्याच्या दोन-तीन चमच्यांवर बिघडते. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा ही पहिली खरेदी. सोऱ्या, कढई त्यानंतर.

भाजणी: तांदूळ १ किलो, हरभरा डाळ ५०० ग्रॅम, उडीद डाळ २५० ग्रॅम, धणे ५० ग्रॅम, जिरे २५ ग्रॅम. म्हणजे आपलं नेहमीचं चारास दोनास एक. तांदूळ धुऊन सावलीत फडक्यावर पूर्ण वाळवायचे. प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर भाजायचं. एकत्र भाजलं तर तांदूळ होईपर्यंत उडीद डाळ करपते. तांदूळ हलके होऊन फुलायला लागले की बास. डाळी गुलाबीसर. धणे-जिरे नुसते गरम, वास सुटेपर्यंत. भाजणी काळपट भाजली तर चकली कडवट लागतेच, शिवाय पीठ नीट मिळून येत नाही आणि चकली पाडताना तुटते.

पूर्ण गार झाल्यावरच दळायला द्या, गरम धान्य गिरणीत ओलसर होऊन पिठाच्या गुठळ्या होतात. आणि गिरणीवाल्याला स्पष्ट सांगा, गव्हावर दळू नका, तांदळावर किंवा हरभरा डाळीवर दळा. आधीच्या गव्हाचं पीठ मिसळलं तर चकली चिवट होते. दळण मैद्यासारखं मऊसूत नको, बोटांत किंचित कण लागला पाहिजे.

१ किलो भाजणीला: पाणी ८५० ते ९०० ग्रॅम, मोहनाचं तेल १०० ग्रॅम, मीठ २२, लाल तिखट २०, तीळ ३०, ओवा ५, हळद ५, हिंग ३ ग्रॅम. पाणी, तेल आणि मसाले एकत्र उकळायचे, गॅस बंद करून भाजणी घालायची, उलथन्याच्या दांड्याने कालवून झाकून अर्धा तास ठेवायचं. मग लागेल तसा कोमट पाण्याचा हात लावत मळायचं. मळताना एका वेळी दोन-तीन सोऱ्यांपुरताच गोळा घ्या, बाकीची उकड झाकलेली राहू दे. सगळी एकदम मळून ठेवली तर शेवटच्या घाण्यापर्यंत पीठ सुकतं, आणि मग लोक पाणी घालत बसतात. पहिला घाणा खुसखुशीत आणि शेवटचा मऊ, याचं कारण बहुतेक वेळा हेच.

फुलपात्र

सोऱ्या, मोहन लोण्याचं घातलं तर? आणि खुसखुशीतपणासाठी चिमूटभर सोडा?

सोऱ्या

लोण्याने चव सुरेख येते, घरी खायला जरूर. विकायला नको. लोण्यात पाणी असतं आणि ते दर वेळी सारखं नसतं, त्यामुळे पाण्याचा सगळा अंदाज हलतो. भावही जातो, आणि पाकिटावर दुधाचा उल्लेख करावा लागतो.

सोडा अजिबात नको. सोड्याने चकलीला जाळी पडते आणि त्या जाळीत तेल भरतं. हातात घेतल्यावर कागदाला डाग पडतो, आणि तेल जास्त म्हणजे खवटपणाही लवकर.

दाणेदार

तळणीबद्दल लिहितो, कारण कृती बरोबर असूनही माल इथेच बिघडतो.

घाणा टाकताना तेल १७० ते १७५ अंशांवर हवं. गार चकल्या पडल्या की ते उतरतं, मग मध्यम आचेवर १६०च्या आसपास राखायचं. टाकल्याबरोबर कढईभर मोठे बुडबुडे येतात, ती चकलीतल्या पाण्याची वाफ. दोनेक मिनिटं चकलीला झारा लावायचा नाही, नाहीतर वेढे सुटतात. मग उलटायची. हळूहळू बुडबुडे बारीक होतात, आवाज बसतो, आणि सहा-सात मिनिटांनी तेल जवळजवळ शांत होतं. चकली आधी वर तरंगत असते, ती जराशी खाली बसते. तेव्हा काढायची. रंगावर जाऊन काढू नका. तेल जास्त तापलेलं असेल तर रंग तीन मिनिटांत येतो, आत पाणी राहतं आणि दुसऱ्या दिवशी चकली वाकते.

आता बिघाड. चकली तेलात विरायला लागली तर मोहन जास्त झालंय किंवा तेल पुरतं तापलेलं नाही. पहिल्या घाण्यालाच असं झालं तर उरलेल्या उकडीत थोडी कोरडी भाजणी मळून घ्या, बहुतेक वेळा निभावतं. पाडतानाच तुटत असेल तर पाणी कमी आहे किंवा मळणं कमी पडलंय. काटे उठत नसतील तर पीठ सैल झालंय, किंवा सोऱ्याची चकती झिजली आहे. पितळी चकतीच्या चांदणीचे कोपरे बोटाने चाचपून बघा, गुळगुळीत लागले तर बदला. तळून झाल्यावर कडक दगडासारखी लागली तर मोहन कमी. तेलकट असेल तर तेल गार होतं, किंवा कढईत एकाच वेळी फार चकल्या घातल्या.

तेल थर्मामीटरने मोजा. घरच्या तळणीला अंदाज चालतो. रोजच्या मालाला चालत नाही. आणि तेच तेल आठवडाभर पुरवू नका. तळताना तेल जेवढं कमी होईल तेवढं ताजं घालत राहायचं. दाट झालं, फेस धरायला लागलं, रंग काळवंडला की बाजूला काढायचं. अन्नसुरक्षा नियमांत १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांची (तेल पुन्हा पुन्हा तापून बिघडताना ती वाढतात) कमाल मर्यादा २५ टक्के आहे, त्याच्या पुढे गेलेलं तेल वापरता येत नाही. ते मोजायचं उपकरण महाग असतं, छोट्या कामाला वरची लक्षणं बघून आधीच थांबलेलं बरं. जुन्या तेलात तळलेली चकली पहिल्या दिवशी कळत नाही. पंधराव्या दिवशी गिऱ्हाईक पाकीट उघडतं आणि खवट वास येतो.

अंगतपंगत

दाणेदार, "आवाज बसतो" हे अगदी नेमकं. आता भावाचं कोणीतरी बोला. हिशेबनीस, आहात का?

हिशेबनीस

आहे. खालचे भाव उदाहरणादाखल धरलेत, तुमच्या बाजाराचे घालून पुन्हा करा. मांडणी मात्र हीच ठेवा.

भाजणी आधी. तांदूळ १ किलो ५० रुपये, हरभरा डाळ अर्धा किलो ४५, उडीद डाळ पाव किलो ३२.५०, धणे-जिरे २०. झाले १४७.५०. निवडणं, भाजणं, दळणं यांत १८२५ ग्रॅमचे साधारण १७०० ग्रॅम उरतात. दळणावळ २५, भाजायचा गॅस १०. एकूण १८२.५०, म्हणजे भाजणी किलोला १०७ रुपये पडली. पुष्कळजण इथेच पहिली चूक करतात, किराण्याच्या भावाला १८२५ने भागतात आणि घट विसरतात.

आता १ किलो भाजणीच्या चकल्या. भाजणी १०७. तीळ-तिखट-मीठ-हिंग वगैरे २५. तेल, मोहन धरून जवळपास ४२० ग्रॅम चकलीत जातं, ते ७०. बाजूला काढावं लागणारं तेल २५. गॅस २०. बेरीज २४७. माल निघतो साधारण १४०० ग्रॅम. त्यातली मोड वजा जाता विकण्याजोगा १३०० ग्रॅम धरा. म्हणजे किलोला १९० रुपये.

त्यावर पाव किलोची चार पाकिटं, लेबल धरून प्रत्येकी १०, झाले ४०. मजुरी: भाजणी, मळणं, तळणं, पाकिटं भरणं, भांडी घासणं मिळून किलोला पावणेदोन तास. तासाला ८० धरले तर १४०. आतापर्यंत ३७०. वीज, जाणं-येणं, नमुने, परत आलेला माल यांचे दहा टक्के, ३७. एकूण ४०७.

घरून थेट ५०० रुपये किलोने विकलं तर ९३ रुपये सुटतात. ठीक आहे. आता तोच माल दुकानात ठेवला आणि दुकानदाराने २० टक्के घेतले, तर तुमच्या हातात ४०० येतात. म्हणजे किलोमागे ७ रुपये पदरचे. जितका खप वाढेल तितका तोटा वाढेल.

म्हणून पहिल्या दिवसापासून छापील किंमत दुकानाचा वाटा धरूनच लावा. ६०० छापली तर दुकानातून ४८० येतात, ७३ सुटतात. आधी ५०० लावून नंतर ६०० करणं फार जड जातं, गिऱ्हाईक जुना भाव विसरत नाही.

उंबरठा

घरचंच माणूस करतंय तर १४० मजुरी कशाला धरायची? पहिल्या वर्षी ती नफ्यातच धरली तर भाव ४५०पर्यंत ठेवता येईल आणि गिऱ्हाईक जमेल.

हिशेबनीस

उंबरठा, इथे माझा ठाम विरोध आहे. मजुरी न धरता लावलेला भाव फक्त तुमच्या दोन हातांपुरता चालतो. दिवाळीत मदतीला बाई ठेवली की तिला रोजच्या रोज पैसे द्यावे लागतात, आणि ते भावात नसतात. मग एक तर माल कमी करायचा किंवा स्वतः रात्री जागायचं.

शिवाय कढईची गोष्ट वेगळीच. घरगुती कढईत एका वेळी सात चकल्या, घाण्याला सात मिनिटं, म्हणजे तासाला साठ. एक चकली साधारण १६ ग्रॅमची धरली तर तासाला जेमतेम एक किलो. ४० किलोची ऑर्डर म्हणजे एका कढईवर ४० तास नुसती तळणी. ऑर्डर घेण्याआधी हा आकडा भिंतीवर लावा. कबूल केलेला माल वसुबारसेला न देता नरकचतुर्दशीला दिला, तर ते गिऱ्हाईक पुढच्या वर्षी येत नाही.

उंबरठा

कढईचा हिशेब पटला. मजुरीबद्दल एवढंच म्हणतो की ती वहीत धरा, पण पहिल्या वर्षी उचलू नका, मोठ्या कढईला वापरा. भाव मात्र तुमचा बरोबर आहे.

लेबलवाचक

कागदपत्रांचं थोडक्यात, पण एकही टाळू नका.

अन्नसुरक्षेची नोंदणी विक्री सुरू करण्याआधी. वर्षाच्या उलाढालीच्या ठरावीक मर्यादेपर्यंत परवाना लागत नाही, नोंदणी पुरते. २०११च्या मूळ नियमावलीत ही मर्यादा १२ लाख होती. अर्ज अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) 'फॉस्कॉस' पोर्टलवर, फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा जोडून. १४ अंकी क्रमांक मिळतो, तो पाकिटावर आणि बिलावरही छापायचा. अर्ज भरण्याआधी पोर्टलवर चालू मर्यादा आणि शुल्क बघून घ्या. मध्यस्थाला हजारो रुपये द्यायची गरज नाही. सोसायटीत राहत असाल तर ना-हरकत पत्र आधीच घ्या, तळणीच्या वासावरून तक्रार होते तेव्हा ते उपयोगी पडतं.

छोट्या उद्योगांची 'उद्यम' नोंदणी मोफत आहे, आधार क्रमांकावर होते.

घरगुती गॅस सिलिंडर (१४.२ किलोचा) धंद्याला वापरता येत नाही. १९ किलोचा व्यावसायिक घ्या. वर हिशेबात गॅस धरलाय तो त्याच भावाने धरा.

काटा: ज्यावर वजन करून विकता, त्यावर वैधमापन विभागाचा शिक्का हवा. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी. स्वतः पाकिटबंद करत असाल तर पॅकर म्हणून नोंदणीही लागते, काम सुरू केल्यापासून ९० दिवसांत, शुल्क ५०० रुपये.

पाकिटावर: पदार्थाचं नाव, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, पोषणमूल्यांचा तक्ता, हिरव्या चौकटीतलं हिरवं वर्तुळ, तुमचं नाव-पत्ता, अन्नसुरक्षेचा नोंदणी क्रमांक आणि एफएसएसएआयचं बोधचिन्ह, निव्वळ वजन, घाण्याचा म्हणजे बॅचचा क्रमांक, बनवल्याची आणि संपण्याची तारीख, सर्व करांसह कमाल किंमत, ग्राहक तक्रारीचा संपर्क. शिवाय एक ग्रॅमचा भाव: पाव किलोचं पाकीट १५० रुपयांचं असेल तर ०.६० रुपये प्रति ग्रॅम.

जीएसटी: महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. पण राज्याबाहेर एक पाकीट जरी विकलं तरी नोंदणी सक्तीची होते. बेळगाव, पणजी, इंदूरहून ऑर्डर आली की लोक आनंदाने पाठवून देतात आणि इथेच अडकतात. पाकिटबंद चकलीसारख्या नमकीनावरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झालाय.

पाटपाणी

पोषणमूल्यांचा तक्ता घरच्या घरी काढता येतो का?

लेबलवाचक

अंदाजी आकडे काढता येतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ची खाद्यघटकांची कोष्टकं आहेत, त्यावरून प्रत्येक घटकाची बेरीज करता येते. फक्त तळणीत शोषलेलं तेल अंदाजाने घालू नका. कढईसकट तेल आधी तोला, सगळे घाणे झाल्यावर पुन्हा तोला, मध्ये घातलेलं तेल मिळवा. फरक तो चकलीत गेला. शक्य असेल तर एकदा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्या, म्हणजे आकड्यावर कोणी बोट ठेवणार नाही.

टेम्सकाठी

लंडनहून. इथे मराठी मंडळांच्या दिवाळीत फराळाला मोठी मागणी असते, म्हणून इथल्यांसाठी दोन गोष्टी. घरून विकायचं असेल तर स्थानिक कौन्सिलकडे सुरू करण्याच्या किमान २८ दिवस आधी नोंदणी लागते. ती मोफत आहे, नाकारता येत नाही, पण तपासणीला माणूस येतो. आणि इथल्या १४ ॲलर्जीकारक घटकांत तीळ आहे, मोहरी आहे, ग्लुटेन (गव्हासारख्या धान्यातलं चिकट प्रथिन) असलेली धान्यं आहेत. चकलीच्या लेबलवर तीळ ठळक छापावाच लागतो.

आता महत्त्वाचं. भाजणीत गहू नाही म्हणून पुष्कळजण "ग्लुटेनमुक्त चकली" असं लिहितात. हिंगाची डबी उलटी करून घटक वाचा. बाजारातला बांधानी हिंग म्हणजे थोडा हिंग आणि बाकी डिंक व पीठ, आणि ते पीठ बहुतेक वेळा गव्हाचं असतं. ३ ग्रॅम हिंगाने सीलिॲक (ग्लुटेन न चालण्याचा आजार) असलेल्या माणसाला त्रास होऊ शकतो.

लेबलवाचक

टेम्सकाठी, हे फार मोलाचं लिहिलंत. भारतातही ग्लुटेनयुक्त धान्याचा उल्लेख लेबलवर सक्तीचा आहे, तेव्हा हिंगाच्या कंसात "गव्हाचे पीठ" लिहायला हवं. तांदळाच्या पिठावर बांधलेला हिंगही मिळतो. पण नुसता हिंग बदलून "ग्लुटेनमुक्त" छापू नका, गिरणी वेगळी नसेल तर गव्हाचा अंश येणारच. सोऱ्यांनी वर गव्हावर दळू नका म्हटलंय ते चिवटपणासाठी, या कामाला तेवढी काळजी पुरत नाही.

दाणेदार

टिकण्याचं राहिलं. चकली खवट होते ती हवा, उजेड आणि उष्णतेने. मऊ पडते ती दमटपणाने. साध्या पारदर्शक पिशवीत हे चारही शत्रू आत येतात. आत चांदीसारखा थर असलेले लॅमिनेटेड पाऊच घ्या, पारदर्शक खिडकी नसलेले. हँड सीलरने तोंड बंद केल्यावर पाऊच पाण्यात दाबून बघा, बुडबुडा आला तर सील कच्चं. बहुतेक वेळा सीलच्या जागी चकलीचा चुरा किंवा तेल लागलेलं असतं.

गरम माल भरायचा नाही. आत वाफ धरते आणि दोन दिवसांत कुरकुरीतपणा जातो. पण परातीत रात्रभर उघडाही ठेवायचा नाही, विशेषतः कोकणात आणि मुंबईत. गणपतीच्या दिवसांतली हवा तासाभरात चकली नरम करते. जाळीवर पसरून पूर्ण गार झाली की लगेच भरा.

तारीख कशी ठरवायची? एकाच घाण्याची दहा पाकिटं बाजूला ठेवा, स्वयंपाकघरातल्या नेहमीच्या फळीवर, फ्रिजमध्ये नाही. ७, १५, ३०, ४५ आणि ६० दिवसांनी दोन-दोन उघडा. आधी वास, मग कडकपणा, मग चव, असं लिहून ठेवा. वास घेणारी दोन माणसं तरी हवीत, करणाऱ्याच्या नाकाला सवय झालेली असते. ४५व्या दिवशी शंका आली तर पाकिटावर ३० दिवस छापा, ४० नाही.

फुलपात्र

आणि चकलीच का? बेसनाचे लाडू सोपे नाहीत का?

हिशेबनीस

करायला सोपे, हिशेबाला नाजूक. १ किलो बेसनाला ४५० ते ५०० ग्रॅम तूप, ७५० ते ८०० ग्रॅम पिठीसाखर. खर्चाचा मोठा भाग एकट्या तुपाचा. तुपाचा भाव चढला की सगळा नफा त्यात जातो. बेसन जाडसर दळलेलं हवं, बारीक असलं किंवा भाजणं कमी पडलं तर लाडू टाळूला चिकटतो. तळणी नाही, कढईच्या तासांची अडचण नाही, हे मात्र खरं.

अनारसे ज्यांना जमतात त्यांनी जरूर विचार करावा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, म्हणून करणारे कमी आणि भाव चांगला. पण तिथे मोड जास्त निघते, ती हिशेबात धरा.

अंगतपंगत

माल वाढवायचा झाला तर? एका कढईवरून तीन कढयांवर जाताना चव बदलते, ही नेहमीची तक्रार.

सोऱ्या

चव कुठे ठरते ते बघा: भाजणीत आणि मसाल्यात. म्हणून ते एका हाती ठेवा, पाडणं-तळणं वाटून द्या. लिज्जतची पद्धत हीच आहे. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन काम सुरू केलं. तिथे पीठ शाखेवर मळलं जातं, भगिनी ते घरी नेऊन पापड लाटतात, आणि परत आलेला पापड तपासून घेतला जातो. लाटणारे हात हजारो, पण पीठ एका जागचं.

चकलीला हे असं लावा. भाजणी एकाच वेळी १५-२० किलो दळा आणि प्रत्येक दळणाला क्रमांक द्या. मीठ-तिखट-तीळ-ओवा-हिंग-हळद यांची १ किलो भाजणीपुरती, म्हणजे ८५ ग्रॅमची पुडी आधीच भरून ठेवा. तळणाऱ्याला १ किलो भाजणी, एक पुडी, १०० ग्रॅम तेल आणि पाण्याचं माप एवढंच द्यायचं, अंदाजाला जागा ठेवायची नाही. नवं दळण आलं की पाणी मात्र पुन्हा ठरवावं लागतं, नवा तांदूळ आणि जुना तांदूळ सारखं पाणी पीत नाहीत. प्रत्येक नव्या दळणाच्या २०० ग्रॅमची चाचणी घ्या, १७० ग्रॅम पाण्यापासून सुरू करा आणि पाच-पाच ग्रॅमने वाढवा. चकतीतून पडणारी तार वळवताना तुटत नाही आणि काटे उभे राहतात, तिथे थांबा. तो आकडा पाचाने गुणून दळणाच्या डब्यावर लिहा.

फुलपात्र

मोडीचं काय करायचं? किलोभर भाजणीमागे १०० ग्रॅम म्हणजे ४० किलो भाजणीला चार किलो झाली.

हिशेबनीस

वेगळी पाकिटं करा, "चकलीचे तुकडे" असं स्वच्छ नाव देऊन, निम्म्या भावाने. चिवड्यात घालायला, मिसळीवर घालायला लोक नेतात. फक्त तारीख आणि बॅच तीच छापायची, तुकडे हवेला जास्त उघडे असतात म्हणून ते आधी खपवायचे. आणि अख्ख्या चकलीच्या पाकिटात वजन भरायला तुकडा टाकू नका, २५० ग्रॅमला दोन-तीन ग्रॅम जास्त गेले तर जाऊ देत.

अंगतपंगत

पहिल्या चाचणीसाठी यादी करतेय: २ किलो भाजणी, ८५ ग्रॅमच्या दोन पुड्या, थर्मामीटर, वही. चार आठवड्यांचे आकडे याच धाग्यावर टाकते, पाणी आणि मोडीचे रकाने सगळ्यांनी तपासून द्या.